टायर घेताना आधी बाजू वाचा

पावसाळ्याच्या तोंडावर टायरच्या दुकानात पहिला प्रश्न हमखास भावाचा असतो. त्याआधी टायरची बाजू वाचायला हवी. मारुती ब्रेझाला २१५/६० आर १६ लागतो: रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ६० टक्के, रिम १६ इंची.

तिथेच लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. ते दुकानदाराकडून दाखवून घ्यावेतच. पडून राहिलेलं रबर नवंकोरं दिसलं तरी कडक होत जातं.

रस्त्यावरचं पाणी बाहेर सारतात त्या खाचा. त्यांच्या तळाशी १.६ मिलिमीटरचे उंचवटे असतात. झीज तिथवर येण्याची वाट घाटात गाडी नेणाऱ्यांनी पाहूच नये.

दोनच टायर बदलायचे असतील, तर नवे मागे लावावेत. ओल्या वळणावर मागची पकड सुटली की गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं फार कठीण जातं.