समोर कोण बसतं?

ज्युडिट पोल्गारचं नाव निघालं की गोष्ट बहुधा तिच्या वडिलांपासून सुरू होते. असामान्य बुद्धी जन्मजात नसते, ती घडवता येते, असं बुडापेस्टच्या लास्लो पोल्गार यांचं ठाम मत होतं. म्हणून त्यांनी आणि शिक्षिका असलेल्या त्यांच्या पत्नी क्लारा यांनी सुझान, सोफिया आणि १९७६ साली जन्मलेली धाकटी ज्युडिट यांना घरीच शिकवलं, आणि त्या शिक्षणाच्या केंद्रस्थानी बुद्धिबळाचा पट ठेवला. हे सगळं खरं आहे. पण एवढ्यावरच थांबलं तर ज्युडिटचं कर्तृत्व म्हणजे एका बापाच्या प्रयोगाचा निकाल एवढंच उरतं. माझ्या मते त्या घराचा दुसरा निर्णय अधिक मोलाचा होता. मुलींनी मुलींशीच खेळावं, ही रीत त्यांनी मानली नाही.

ती रीत किती घट्ट होती, हे थोरल्या सुझानला सोसावं लागलं. १९८६ मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने महिला खेळाडूंच्या रेटिंगमध्ये सरसकट १०० गुण वाढवले, एकट्या सुझानला वगळून. कारण काय, तर तिने आपले गुण मुख्यतः पुरुषांशी खेळून मिळवले होते! अवघड वाट धरली म्हणून तिला यादीत खाली ढकललं गेलं. याचा राग आजही यायला हवा. दोन वर्षांनी सलोनिकीच्या महिला ऑलिम्पियाडमध्ये तिघी बहिणी आणि इल्दिको माद्ल यांच्या हंगेरीने बलाढ्य सोव्हिएत संघाला मागे टाकून सुवर्ण जिंकलं. बारा वर्षांच्या ज्युडिटने १३ डावांत १२.५ गुण मिळवले. कुणालाही वाटावं की हीच तिची जागा. पण १९९०च्या ऑलिम्पियाडमध्ये पुन्हा सुवर्ण मिळवल्यानंतर तिने महिलांच्या स्पर्धा सोडल्याच. १९९१च्या अखेरीस हंगेरीचं खुलं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकून ती ग्रँडमास्टर झाली, तेव्हा तिचं वय १५ वर्षं ४ महिने होतं आणि बॉबी फिशरचा विक्रम मोडला होता. १९९३ मध्ये तिने माजी जगज्जेत्या स्पास्कीला सामन्यात हरवलं. २००२ मध्ये मॉस्कोत, जलद प्रकारात का होईना, पहिल्या क्रमांकावरच्या कास्पारोव्हला हरवलं, आणि २००४ मध्ये ती जगात आठवी होती. आक्रमक, वेळ पडल्यास मोहऱ्यांचं बलिदान देणारा तिचा खेळ तरबेज बचावाशी रोज टक्कर घेतल्यानेच इतका धारदार झाला, असं मला वाटतं.

यावर म्हटलं जाईल की ती मुळातच विलक्षण होती. एकाच घरात, एकाच पद्धतीने वाढलेल्या बाकी दोघी बहिणी तिच्या उंचीला कुठे पोचल्या? हा आक्षेप खोटा नाही. निव्वळ तालमीने ज्युडिट घडत नाही. पण उपजत गुण असले तरी ते कुठवर जातील हे समोर कोण बसतं यावर ठरतं. २००५ मध्ये सान लुईसच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ती आठ जणांत शेवटची आली, पण त्या आठांत बसण्याची वाट महिलांच्या स्पर्धांमधून जातच नव्हती. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. महिलांच्या वेगळ्या स्पर्धांमुळेच अनेक मुलींना बक्षिसाची रक्कम, सोबत आणि खेळत राहायला कारण मिळतं. म्हणून त्या बंद कराव्यात असं मी म्हणणार नाही. दार म्हणून त्या उपयोगी आहेत, छत म्हणून घातक. हा झगडा आपल्याला परकाही नाही. ज्युडिट जन्मली त्याच १९७६ साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता.

महिला जगज्जेतेपदासाठी ज्युडिट कधी खेळलीच नाही. सुझानने ते १९९६ मध्ये जिंकलं. तरीही जानेवारी १९८९पासून २०१४ मधल्या निवृत्तीपर्यंत महिलांच्या क्रमवारीत पहिलं नाव ज्युडिटचंच होतं, आणि ते रेटिंग तिने बहुतांश पुरुषांशी खेळून कमावलं होतं.