न आलेल्या सहाव्या खंडाची वाट

२०११ सालीं माझी पुतणी शाळेंत होती. तेव्हां तिनें जॉर्ज आर. आर. मार्टिन ह्या अमेरिकन कादंबरीकाराच्या अद्भुतरम्य कथामालेचा पांचवा खंड वाचून संपविला. आज तिला एक मूल आहे, आणि सहावा खंड, ‘द विंड्स ऑफ विंटर’, अद्यापि प्रसिद्ध व्हावयाचा आहे. दर जानेवारींत ती मला बजावते, “काका, ह्या वर्षीं नक्की येणार!” असे वाचक जगभर आहेत. ते अंदाज बांधतात तरी कशाच्या जोरावर, हें मीं जरा चौकसपणें पाहिलें.

पुष्कळांची भिस्त गणितावर असते. खंड निघाले ते १९९६, १९९८, २०००, २००५ आणि २०११ ह्या सालीं. म्हणजे अंतरें दोन, दोन, पांच, सहा. ह्यावरून पुढील साल काढावयाचें! मीं जन्मभर मुलांना गणित शिकविलें. चार आंकड्यांवरून नियम बांधणारास मीं गुण दिले नसते. अशा हिशेबानें काढलेलीं सालें केव्हांच उलटून गेलीं.

छापखान्याकडे पाहणारे अधिक शहाणे. पांचव्या खंडाचें हस्तलिखित २०११ च्या एप्रिलअखेर पुरें झालें आणि १२ जुलैस तो जाडजूड ग्रंथ दुकानांत आला. तेव्हां लेखणी खालीं ठेवल्यावर प्रकाशक दिरंगाई करणार नाहीं, हें रास्त आहे. अडचण आहे ती लेखणी खालीं ठेवण्याची.

मार्टिन स्वतःस माळी म्हणवितात. कांहीं लेखक घर बांधणारासारखे आधीं नकाशा आंखतात. हे बीं पेरून काय उगवतें तें पाहतात. कथेंत मध्येंच पांच वर्षें ओलांडून जाण्याचा त्यांचा बेत होता. बरेंच लिहून झाल्यावर तो त्यांनीं मोडला. पुढें चौथ्या खंडाचा मजकूर इतका वाढला कीं, पात्रांची वांटणी करून त्याचे दोन ग्रंथ करावे लागले. दुसरा पुढील वर्षीं देण्याची आशा त्यांनीं २००५ सालीं छापून कळविली. लागलीं सहा वर्षें. सहाव्या खंडाच्या दोन मुदती हुकल्याचें तर त्यांनीं २ जानेवारी २०१६ रोजीं स्वतःच कबूल केलें.

मार्टिन ह्यांचा जन्म १९४८ चा. रॉबर्ट जॉर्डन हे दुसरे कथाकार २००७ सालीं वारले, तेव्हां त्यांची कथामाला ब्रँडन सँडरसन ह्यांनीं टिपणांवरून २०१३ सालीं पुरी केली. तें स्मरून कित्येक वाचक मार्टिन ह्यांच्या वयाची उघड चर्चा करतात. मीही साठी ओलांडलेली आहे; ती चर्चा मला ऐकवत नाहीं.

२०२२ सालीं सुमारें तीन चतुर्थांश ग्रंथ झाल्याचें त्यांनीं सांगितलें, तेव्हां पुतणीनें पहिले पांचही खंड पुन्हा वाचावयास काढले. ते आतां माझ्या कपाटांत आहेत. शब्दकोश जवळ घेऊन मी तिसऱ्यापर्यंत आलों आहें.