पक्ष्यांचा हजेरीपट

माझें आयुष्य हजेरीपट भरण्यांत गेलें. हजर मुलांपेक्षां गैरहजर मुलाची खूणच शिक्षकाला अधिक सांगते. पक्ष्यांचेंही तसेंच आहे.

१९०० सालीं अमेरिकेंत फ्रँक चॅपमन यांनीं नाताळच्या दिवशीं पक्षी मारण्याऐवजीं मोजण्याची सूचना केली. २७ जण पुढें आले. ती प्रथा आजही चालू आहे. आपल्या देशांतही ३०,००० हून अधिक हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ सालीं पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल सिद्ध झाला. त्यापूर्वीच्या, २०२० सालच्या अहवालांत चिमणी देशभर बहुतांशीं टिकून असल्याचें, परंतु मुंबईसारख्या महानगरांत घटल्याचें आढळलें. मूठभर शास्त्रज्ञांना एवढें हिंडून हें कळलें नसतें.

आपणही गच्चीवर पंधरा मिनिटें थांबावें. ओळखलेला प्रत्येक पक्षी, अगदीं कावळासुद्धां, संख्येसह लिहावा आणि ती यादी ‘ईबर्ड’ या संगणकीय नोंदवहींत घालावी. केवळ दुर्मिळ पक्षीच लिहिले, तर चिमणी दिसली नाहीं कीं तिच्याकडे दुर्लक्ष झालें, हें कसें समजावें? ओळख न पटल्यास अंदाजानें नांव घालूं नये. खोट्या हजेरीनें शाळेची फसवणूक होते; येथें तर एखाद्या जातीचा ऱ्हासच झांकला जाईल.