मोतीबिंदू निघाला, पण नंबर चुकला

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यातले गढूळ झालेले नैसर्गिक भिंग काढून त्याच्या जागी कृत्रिम भिंग, म्हणजे लेन्स, बसवतात. पट्टी निघाली की लख्ख दिसेल अशी अपेक्षा असते आणि बहुतेकांना तसे दिसतेही. काहींच्या बाबतीत मात्र ऑपरेशन निर्विघ्न पार पडते, डॉक्टर समाधानी असतात आणि रुग्ण म्हणतो, ‘हवे तसे दिसत नाही.’ या एका तक्रारीमागे अगदी निरनिराळी कारणे असतात. कधी ठरवलेला नंबरच येत नाही. कधी तो बरोबर येतो, पण रुग्णाच्या सवयीचा नसतो. कधी लेन्समुळे प्रकाशाची वलये किंवा सावल्या दिसतात, तर कधी डोळ्यात नवाच बिघाड झालेला असतो. उपाय कारणावर ठरतो, म्हणून घाईने काही करण्याआधी कारण शोधावे लागते.

नंबर चुकण्याची गोष्ट कृत्रिम लेन्सइतकीच जुनी आहे. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९-५०च्या सुमारास पहिली लेन्स बसवली. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या ॲक्रिलिक छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, तरी डोळा ते सहन करतो, हे त्यांच्या लक्षात आले होते. म्हणून त्यांनी ॲक्रिलिकचीच लेन्स करवून घेतली आणि तिला नैसर्गिक भिंगासारखा आकार दिला. पण ॲक्रिलिक प्रकाशाला नैसर्गिक भिंगापेक्षा जास्त वळवते. परिणामी त्यांच्या पहिल्या रुग्णाला सुमारे उणे १८चा नंबर आला, शिवाय ६चा सिलिंडर. लेन्स डोळ्यात टिकली हे मोठे यश होते, मात्र नंबराचे गणित साफ फसले होते.

आज हे गणित ऑपरेशनपूर्वी ‘बायोमेट्री’ करून मांडतात. बुबुळाच्या पारदर्शक पडद्याची वक्रता आणि डोळ्याची पुढून मागपर्यंतची लांबी ही त्यातली दोन मुख्य मापे. प्रौढ माणसाचा डोळा सरासरी साडेतेवीस मिलिमीटर लांब असतो आणि मापात एक मिलिमीटरची चूक झाली तर नंबर अडीच ते तीनने हुकतो. ध्वनिलहरींच्या यंत्राची कांडी बुबुळावर जरा जास्त दाबली गेली तरी डोळा आहे त्यापेक्षा आखूड मोजला जातो. प्रकाशाने मोजणारी यंत्रे डोळ्याला स्पर्श करत नाहीत, त्यामुळे ती जास्त भरवशाची. पण मोतीबिंदू पिकून पांढराफटक झाला असेल तर प्रकाश आरपार जात नाही आणि पुन्हा ध्वनिलहरींकडेच वळावे लागते. ‘पिकू द्या, मग काढू’ हा जुना सल्ला इथेही महागात पडतो.

मापे अचूक असली तरी एक गोष्ट अंदाजानेच ठरते. जखम भरून आल्यावर लेन्स डोळ्यात नेमकी किती खोल स्थिरावेल, हे आधी मोजता येत नाही. ते सूत्रांवरून काढतात आणि ही सूत्रे सर्वसाधारण डोळ्यांवर बेतलेली असतात. म्हणूनच फार मोठ्या मायनस नंबरचे लांब डोळे, प्लस नंबरचे आखूड डोळे आणि पूर्वी लेसिक करून घेतलेले डोळे फसवतात. तरुणपणी लेसिकने चष्मा घालवलेली पिढी आता मोतीबिंदूच्या वयात येते आहे, तेव्हा ही अडचण वाढतच जाणार. जुने लेसिक ऑपरेशन डॉक्टरांना सांगायचे राहिले तर चूक जवळजवळ ठरलेली. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मापे घेण्यापूर्वी त्या काही दिवस, आणि कडक प्रकारच्या असतील तर काही आठवडे, काढून ठेवायच्या असतात. डोळे कोरडे असतील तर आधी त्यावर उपचार करावा लागतो, कारण कोरड्या बुबुळाची वक्रता दर वेळी वेगळी भरते. एवढे सांभाळूनही चांगल्या केंद्रांत साधारण तीन चतुर्थांश डोळेच ठरवलेल्या नंबराच्या अर्ध्या नंबरात येतात. एका नंबरात मात्र दहांपैकी नऊहून अधिक येतात. पाव-अर्ध्या नंबरचा फरक म्हणजे ऑपरेशन बिघडले असे नव्हे.

नंबर बरोबर येऊनही होणारी निराशा वेगळी असते आणि ती टाळता येण्यासारखी असते. जन्मभर उणे ४चा चष्मा लावलेला माणूस चष्मा काढला की २५ सेंटीमीटरवरचे बारीक अक्षर आरामात वाचतो. सुईत दोरा ओवणे, तांदळातले खडे वेचणे, पोथी वाचणे, सगळे बिनचष्म्याने. साध्या लेन्सने त्याचा लांबचा नंबर शून्यावर आणला की कागदोपत्री निकाल उत्तम ठरतो. पण त्याच्या हातून जवळचे बिनचष्म्याचे सगळे काम जाते. साधी लेन्स एकाच अंतरावर स्पष्ट दाखवते, बाकीच्या अंतरासाठी चष्मा लागतोच. शिंपी, सोनार, घड्याळ दुरुस्त करणारा किंवा दिवसभर वाचणारा माणूस मुद्दाम उणे अडीचच्या आसपासचा नंबर ठेवून घेऊ शकतो. त्याला साधारण ४० सेंटीमीटरवर बिनचष्म्याने दिसेल आणि रस्त्यावर चष्मा लागेल. हे बोलणे ऑपरेशनच्या टेबलावर जाण्यापूर्वी व्हायला हवे. गर्दीच्या ओपीडीत नेमके तेच राहून जाते.

मल्टिफोकल लेन्स दूरचे आणि जवळचे दोन्ही दाखवते, पण त्यासाठी प्रकाश वाटून देते. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांभोवती कडी दिसतात आणि मंद प्रकाशात अक्षरे फिकी वाटतात. सिलिंडरचा नंबर घालवणारी टोरिक लेन्स ठरावीक कोनातच बसावी लागते. ती एक अंश फिरली की तिचा सुमारे ३ टक्के परिणाम जातो आणि ३० अंश फिरली तर सगळाच. काहींना साध्या लेन्सनेही कानशिलाच्या बाजूला चंद्रकोरीसारखी काळी सावली दिसते. सुरुवातीला ही तक्रार बरीच आढळते आणि बहुतेकांची काही महिन्यांत आपोआप विरते. रंगही बदललेले वाटतात. मोतीबिंदू पिवळसर असतो, तो निघाल्यावर पांढरा सदरा निळसर भासतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन १९२३मध्ये झाले. त्या काळी कृत्रिम लेन्स नव्हतीच. बदललेल्या रंगांनी ते इतके वैतागले की त्यांना रंगीत काचांचे चष्मे द्यावे लागले आणि दुसऱ्या डोळ्याला त्यांनी हात लावू दिला नाही.

नवा बिघाड ओळखायला वेळेचा हिशेब उपयोगी पडतो. पहिल्या काही दिवसांत दुखणे, लाली आणि नजर झपाट्याने कमी होणे ही जंतुसंसर्गाची खूण असू शकते. त्यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अचानक चमका, काळ्या ठिपक्यांचा वर्षाव किंवा पडदा ओढल्यासारखे दिसले तरी तसेच, कारण नेत्रपटल सुटलेले असू शकते. आधी चांगले दिसत होते आणि महिना-दीड महिन्याने मध्यभाग धूसर झाला, तर नेत्रपटलाच्या मध्यावर सूज असण्याचा संभव असतो. ती बहुधा थेंबांनी ओसरते. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी हळूहळू धूसर दिसू लागले तर लेन्समागच्या पारदर्शक पिशवीवर जाळी आलेली असते. ती याग लेझरने काही मिनिटांत साफ होते.

तातडीचे काही नसेल तर नंबर स्थिर होईपर्यंत चार ते सहा आठवडे थांबायचे असते. मग चष्म्याचा नंबर काढून नेमका किती फरक आहे ते पाहतात. थोड्या फरकाला चष्मा हा सर्वांत सोपा आणि सुरक्षित उपाय आहे. चष्मा नकोच असेल तर बुबुळावर लेझर करता येते किंवा पहिल्या लेन्सपुढे दुसरी पातळ लेन्स बसवता येते. फिरलेली टोरिक लेन्स पुन्हा सरळ करता येते. फरक फारच मोठा असेल तर लेन्स बदलतात. हे काम पहिल्या काही आठवड्यांत तुलनेने सोपे असते, पुढे पिशवी लेन्सला घट्ट धरून बसते. इथे एक सावधगिरी हवी. यागने पिशवीला भोक पडते आणि मग लेन्स बदलणे जोखमीचे होते. म्हणून लेन्स बदलण्याचा विचार असेल तर आधी तो निर्णय, मगच याग.

एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आणि दुसऱ्याला अजून उणे ६चा नंबर आहे, अशा मधल्या काळात दोन्ही डोळ्यांतल्या प्रतिमा लहान-मोठ्या दिसतात. डोके जड होते, जिन्याच्या पायरीचा अंदाज चुकतो आणि वयस्कर माणूस पडतो. ऑपरेशन न झालेल्या डोळ्याला कॉन्टॅक्ट लेन्स लावणे किंवा दुसरे ऑपरेशन लवकर उरकणे हे त्यावरचे मार्ग. पण लवकर म्हणजे पहिल्या डोळ्याचा नंबर तपासण्याआधी नव्हे. पहिल्यात जेवढी चूक आली, तिच्या साधारण निम्म्याने दुसऱ्या लेन्सचे गणित सुधारून घेतात. त्यासाठी बायोमेट्रीचा कागद आणि लेन्सचे स्टिकर असलेले कार्ड लागते. शिबिरात ऑपरेशन झाले असले तरी हे दोन कागद मागून घ्यावेत आणि जपून ठेवावेत.