लाँगजिंग : आच ओळखणारा चहा

पूर्व चीनमधल्या झेजियांग प्रांतात, हांगझोऊ शहराला लागून पश्चिम सरोवर आहे. त्याच्या भोवतालच्या डोंगरउतारांवर शिफेंग, लाँगजिंग, मेइजियावू ही चहाची ठिकाणं आहेत. चीनमधल्या सर्वांत मानाच्या हिरव्या चहांत गणला जाणारा लाँगजिंग इथलाच. आठव्या शतकात लू यू याने चहावर जो ग्रंथ लिहिला, त्यात हांगझोऊच्या तियानझू आणि लिंगयिन या मठांच्या परिसरातल्या चहाची नोंद आहे. तेव्हा पानं वाफवून, कुटून वड्या पाडत आणि त्यांची पूड उकळून पीत. १३९१ मध्ये मिंग घराण्याचा पहिला सम्राट होंगवू याने दरबारी नजराण्यातल्या वड्या बंद करून सुटी पानं मागवली. पुढे अख्खं पान गरम पाण्यात भिजवून पिण्याची रीत चीनभर रुळली.

या चहाचं मर्म आचेत आहे. ऊन, कढई आणि पाणी या तिन्ही ठिकाणी ती साधावी लागते.

कोवळं ऊन

हिवाळाभर चहाचं झुडूप निजलेलं असतं. मुळांत तयार होणारं थिॲनिन हे अमिनो आम्ल वसंतात नव्या कोंबांत चढतं. चहाला गोडवा आणि भरीव चव येते ती त्यामुळे. ऊन कडक झालं की त्यातलं बरंचसं कॅटेचिन या तुरट द्रव्यांच्या घडणीत खर्ची पडतं आणि तुरटपणा वाढतो. म्हणून छिंगमिंग या पितरांच्या सणाआधी, म्हणजे साधारण ५ एप्रिलपूर्वी खुडलेल्या पानाला सर्वाधिक भाव. तेव्हा एक कळी आणि तिला बिलगलेलं एखादं पान, एवढंच खुडतात. हांगझोऊच्या चहा संशोधन संस्थेने निवडलेला ‘लाँगजिंग ४३’ हा वाण लवकर फुटतो, म्हणून शेतकऱ्यांना तो सोयीचा. बियांपासून वाढलेली जुनी झाडं उशिरा आणि मागेपुढे फुटतात. पण दर्दी लोक त्यांच्याच चवीसाठी थांबतात.

कढईतला हात

खुडलेलं पान काही तास पातळ पसरून ठेवतात. त्यातलं पाणी थोडं उडतं, हिरवट उग्रपणा कमी होतो. मग तापलेल्या लोखंडी कढईत एका वेळी जेमतेम शंभर-दोनशे ग्रॅम पानं पडतात आणि कारागीर त्यांत उघडा हात घालतो. पान काळं पाडणारं विकर उष्णतेने तिथल्या तिथे निकामी होतं. हिरवा चहा हिरवा राहतो तो याचमुळे. जपानमध्ये हेच काम बहुतेक वेळा वाफेने करतात, म्हणून तिथल्या चहाला समुद्री शेवाळाच्या अंगाची चव येते.

सुरुवातीला हात पानं उचलतो, झटकतो, वाफ मोकळी करतो. पान मऊ पडलं की तळव्याने कढईच्या अंगाला दाबून सरकवतो. त्यातून लाँगजिंगचं चपटं, गुळगुळीत पातं घडतं. कारागिरांच्या परंपरेत अशा दहा हस्तक्रिया सांगितल्या जातात. मध्ये पानं गार करून ओलावा सारखा होऊ देतात आणि पुन्हा मंद आचेवर घेतात. सुमारे चार-पाच किलो ओल्या पानांतून एक किलो चहा उतरतो. आज बहुतांश काम यंत्रांवर होतं, पण पान किती ओलं आहे हे ओळखून दाब बदलणारा हात अजून मोलाचा आहे. चीनमधल्या पारंपरिक चहानिर्मितीचं कौशल्य २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आलं, ते योग्यच झालं.

पेल्यातलं पाणी

आपल्या अमृततुल्यात पडणारी दाणेदार पूड पान चुरडून, फाडून, वळवणाऱ्या ‘सीटीसी’ यंत्रातून निघते; ती उकळण्यासाठी, दूध-साखर पेलण्यासाठीच केलेली असते. लाँगजिंग त्याच जातीच्या झाडाचा असला तरी त्याला उकळी सोसत नाही. पाणी फार गरम असलं की कॅटेचिनं आणि कॅफिन भराभर उतरतात, गोडवा त्याखाली दबतो. ‘ग्रीन टी कडूच असतो’ हा आपल्याकडचा समज पुष्कळदा इथूनच येतो.

काचेचा साधा पेला घ्या. दीडशे मिलिलिटर पाण्याला तीन ग्रॅम चहा पुरे. पाणी उकळून ऐंशी अंशांच्या आसपास निवू द्या. पानांवर आधी पेल्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत पाणी ओता, पेला हलके फिरवा आणि वास घ्या: शेकोटीत भाजलेल्या हुळ्याची आठवण होईल. मग पेला भरा. पानं उभी राहतात, हळूहळू तळाशी जातात. दोन-तीन मिनिटांनी घोट घ्या. एक तृतीयांश उरला की पुन्हा पाणी घाला. तीन वेळा चव निघते. पाणी मात्र हलकं हवं. हांगझोऊचे लोक हुपाओ झऱ्याचं नाव घेतात ते त्यासाठीच. बोअरवेलचं जड पाणी हा चहा मारून टाकतं.

विकत घेताना हंगामाचं वर्ष आणि गाव विचारा, थोडाच घ्या, हवाबंद डब्यात गारव्याला ठेवा आणि वर्षाच्या आत संपवा. मध, लिंबू, साखर काही घालू नका. ज्या हातांनी कढईत प्रत्येक चिमूट सांभाळली, त्यांच्या मेहनतीला आपल्याकडून एवढी दाद द्यायलाच हवी.