बाटलीची जन्मतारीख

तारापूर-बोईसरकडच्या पाम, कुंभवली, कोलवडे, सालवड या पट्ट्यात कारखाने आले आणि हळूहळू कौलारू घरांच्या जागी स्लॅबची घरं उभी राहिली. अजूनही अधूनमधून एखादं जुनं घर उतरवायला घेतात. पोटमाळ्यावरून मोडकी सुपं येतात, गंजलेला स्टोव्ह येतो आणि हमखास बाटल्यांचं एक खोकं येतं. भंगारवाला दारातच उभा असतो. काच तो किलोवर नेतो, तीही नाखुशीनेच. त्या पाच मिनिटांत कोणती बाटली बाजूला काढून ठेवायची?

बाटली उजेडात आडवी धरा आणि तिच्या अंगावरची सांध्याची रेघ शोधा. दोन फाळ्यांच्या साच्यात काच घडली की जिथे फाळे मिळतात तिथे बारीक उंचवटा राहतो. ती रेघ बुडापासून चढत येऊन गळ्यापाशी विरली आणि वरचा ओठ थोडा वाकडा, वेगळा बसवल्यासारखा दिसला, तर कारागिराने नळीने फुंकून तोंड मागाहून हाताने घडवलं आहे. रेघ थेट ओठावरून पलीकडे गेली असेल तर काम यंत्राचं. अमेरिकेत मायकेल ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमारास चालू झालं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत यंत्राची बाटली जगभर पसरली. त्या यंत्राने बुडावर एक मोठा, वेडावाकडा गोल व्रण सोडलेला असतो. याउलट बुडाच्या मधोमध काच मोडल्यासारखा खडबडीत वण लागला, तर तोंड घडवताना बाटली लोखंडी सळईला चिकटवून धरली होती आणि नंतर तोडून घेतली, असं समजायचं.

इथवर परदेशी पुस्तकांचं ऐकावं. त्यापुढे मात्र ती आपल्याकडे फसवतात, कारण हात सुटला आणि यंत्र आलं असा सरळ हिशेब आपल्याकडे कधी झालाच नाही. फिरोजाबादच्या भट्ट्यांवर तोंडाने काच फुंकणारे कारागीर आजही आहेत. बुडाशी वण दिसला म्हणून वस्तू शंभर वर्षांची ठरत नाही. ती गेल्या दिवाळीतलीही असू शकते.

सगळ्यात जास्त फसगत होते ती गोटीसोड्याच्या बाटलीने. हायरम कॉड या इंग्रजाने तिचं पेटंट १८७२ मध्ये पक्कं केलं. बाटली उलटी धरून भरायची; आतल्या वायूच्या दाबाने काचेची गोटी गळ्यातल्या रबरी कड्यावर गच्च बसते. अंगठ्याने किंवा लाकडी ठोकणीने गोटी आत ढकलली की तो ओळखीचा आवाज होतो. गळ्याला दोन खोबण्या असतात, त्या ओतताना गोटी अडवून धरण्यासाठी. १८९२ मध्ये विल्यम पेंटर यांनी पत्र्याचं दातेरी बूच काढलं आणि पुढे इंग्लंडात गोटी मागे पडली. आपल्याकडे ती गेलीच नाही. उत्तर प्रदेशात हाथरसजवळच्या सासनी गावात अशा बाटल्या आपल्या काळातही बनत आल्या आहेत. तेव्हा गोटी दिसली की ‘ब्रिटिशकालीन’ म्हणून मोकळं होऊ नये. अंगावर उठावाने काढलेलं सोडा कंपनीचं नाव आहे का, काच जाड आणि बुडबुड्यांची आहे का, कड्याची खाच किती झिजली आहे, हे पाहावं. मुंबईचे ड्यूक्स (१८८९), पालनजी (१८६५) ही पारशी पेयांची नावं असतील तर निदान शोध घ्यायला धागा मिळतो. पण ही घराणी दशकानुदशकं चालली, त्यामुळे नुसत्या नावाने वर्ष लागत नाही. आणि शाबूत बाटल्या कमी का सापडतात? पोरांना आतली गोटी हवी असायची.

माझ्या मते आपल्या बाटलीची खरी गोम इथेच आहे. काच सांगते ती जन्मतारीख. बाटली या घरात कधी आली, हे ती सांगत नाही. रिकामी बाटली फेकायची असते, हे आपल्याला अगदी अलीकडे कळलं. एकोणिसाव्या शतकाच्या तोंडाशी मुंबईत रिकाम्या बाटल्या हा रीतसर धंदा होता. सर जमशेटजी जीजीभॉय चीनच्या व्यापारात गब्बर झाले ते नंतर. त्याआधी ते आपल्या सासऱ्यांच्या बाटल्यांच्या व्यापारात होते आणि सासऱ्यांचं आडनावच बाटलीवाला. विलायती दारू जहाजाने यायची, पण तिची बाटली इथेच राहून तेल, सिरका, गुलाबपाणी, औषध असे जन्मामागून जन्म घ्यायची. आपल्या किनाऱ्यावर त्यात ताडीची भर घाला. फॅमिली डॉक्टरांकडे जाताना घरूनच धुतलेली बाटली न्यायची. कंपाउंडर तीत लाल मिक्श्चर ओतून डोसांच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवायचा. व्हिस्कीच्या बाटलीवर खोकल्याच्या औषधाची पट्टी निघाली तर दचकू नये.

म्हणून कागदाचा कपटा निघाला तर तो काचेइतकाच जपा. लेबलावर किंमत आण्यांत असेल तर छपाई बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ मधली, कारण नंतर ‘नये’ गळलं. औंस, पाइंट अशी मापं १९५८ पासून मेट्रिकने टप्प्याटप्प्याने हटवली. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. आपल्या भागापुरती एक खास खूण आहे: पालघर, बोईसर, तारापूरच्या पत्त्यापुढे ‘जि. ठाणे’ छापलेलं असेल तर कागद १ ऑगस्ट २०१४ पूर्वीचा, कारण त्या दिवशी पालघर जिल्हा झाला. ही खूण फार जुन्याची नाही, पण आणखी तीस वर्षांनी कुणाला तरी उपयोगी पडेल. ‘मेड इन जर्मनी’ छापाचे शब्द रुळले ते १८८७ च्या ब्रिटिश आणि १८८९ च्या हिंदुस्थानी व्यापारचिन्ह कायद्यांनंतर. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९१८ नंतरची वस्तू. त्याआधी तो देशच नव्हता.

देशी काचेची कथा महाराष्ट्रात स्वदेशीच्या चळवळीने घडवली. पैसा फंडात लोकांनी दिलेल्या पैशा-पैशातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला. १९१६ मध्ये औंध संस्थानात, कराडजवळ ओगल्यांचा कारखाना उभा राहिला आणि त्याभोवतीच्या वस्तीचं नावच ओगलेवाडी झालं. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर होता. पोटमाळ्यावर तो सापडला तर काच फुटकी म्हणून टाकू नका. काच वारंवार बदलली जायची, वय सांगणार तो सांगाडा.

रंगावर फार भिस्त ठेवू नये. हिरवट-निळसर छटा वाळूतल्या लोखंडाची, आणि ती सगळ्याच काळांत आढळते. काच पांढरी दिसावी म्हणून पूर्वी मँगनीज घालत. अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की जांभळी पडते. आता पोटमाळ्यावर ऊन कुठलं? तिथून गर्द जांभळी बाटली निघाली, किंवा चोरबाजारात रांगेने जांभळ्या दिसल्या, तर कृत्रिम किरणांनी रंग आणल्याचा संशय घ्यावा. गडद निळी वा हिरवी, अंगावर उभ्या धारा असलेली बाटली बहुधा विषारी औषधाची; अंधारात बोटांना कळावं म्हणून त्या धारा. तिच्यात तळाला काही वाळलेलं असेल तर वास घेऊ नका.

जमिनीतून निघणाऱ्या काचेची गोष्ट निराळी. चिंचणीला सापडलेल्या शके ८४८ च्या ताम्रपटात राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीने संयान, म्हणजे संजाण, सांभाळणारा अरब अधिकारी मधुमती भेटतो. त्याच संजाणला, डहाणूपुढे घोलवड, बोर्डी, उंबरगाव ओलांडलं की लागणाऱ्या स्टेशनाजवळ, २००२ ते २००४ या काळात उत्खनन झालं आणि पश्चिम आशियातून आलेल्या मातीच्या भांड्यांबरोबर काचेच्या भांड्यांचे तुकडेही निघाले. आपल्या किनाऱ्याची काचेशी ओळख सोडावॉटरपेक्षा हजार वर्षांनी जुनी आहे. ओल्या मातीत काचेतले क्षार झिरपून जातात आणि पृष्ठभागावर पापुद्रे धरतात. त्यावर मोरपिसासारखे रंग खेळतात. तो मळ नव्हे. घासणीने घासलात तर रंग जातील आणि काचही सोलून निघेल.

तारापूरच्या किल्ल्याच्या आसपास कुदळ घेऊन मात्र जाऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची दडलेली वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते, आणि १९७२ च्या कायद्याखाली शंभर वर्षांवरच्या वस्तू पुरावस्तू ठरू शकतात. त्या देशाबाहेर नेता येत नाहीत.

पोटमाळ्यावरची बाटली मात्र तुमचीच. कोमट पाणी, साधा साबण, मऊ कापड एवढं पुरे. लेबल असेल तर पाणीही नको. धुण्याआधी आजीला विचारा, हिच्यात काय असायचं? ‘एरंडेल’ म्हणेल, ‘तुझ्या आजोबांची’ म्हणून हसेल, नाहीतर आठवत नाही म्हणेल. जे सांगेल ते, घराच्या नावासकट आणि आजच्या तारखेसकट, शिसपेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून बाटलीत सोडा. बूच लावू नका. आपल्याकडची हवा दमट, चिठ्ठीला बुरशी येते.