बिल पोचलं, पैसे कुठे?

मैत्रिणीच्या फराळाच्या छोट्या व्यवसायाची बिलं मी बघते. त्यामुळे ‘दोन कंपन्यांच्या सिस्टिम जोडलेल्या आहेत’ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न आमच्यासाठी रोजच्या व्यवहाराचा आहे.

न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाने २०१९ मध्ये ई-इनव्हॉइससाठी ‘पेपॉल’ ही युरोपात सुरू झालेली पद्धत स्वीकारली. बिलाची पीडीएफ ई-मेलने पाठवायची आणि समोरच्याने आकडे पुन्हा टाइप करायचे, हे यात टळतं. दोघांची सॉफ्टवेअर वेगळी असली तरी बिल एकातून दुसऱ्यात थेट जातं. व्यवसायाचा १३ अंकी एनझेडबीएन क्रमांक हाच त्याचा पत्ता. भारतातल्या जीएसटी ई-इनव्हॉइससारखी आधी सरकारी पोर्टलवर नोंद करावी लागत नाही.

गेल्या दिवाळीत एका दुकानाला चकलीचे १० खोके दिले. बिल क्षणात पोचलं. पण त्यांच्या सिस्टिमने १० हा आकडा पाकिटांचा धरला, आणि आमच्या एका खोक्यात १२ पाकिटं! बिल आणि माल जुळेना. पैसे तीन आठवडे अडकले. बेसन-तेलाची उधारी मात्र थांबणार नव्हती.

युरोपीय संघाच्या आराखड्यात अशा मेळाचे चार स्तर सांगितले आहेत: कायदा, संघटना, अर्थ आणि तंत्र. आमच्या बाबतीत तंत्र पास, अर्थ नापास! शाळेत शिकवायची सवय जात नाही, म्हणून मी एक प्रश्नपत्रिकाच काढली. बिल आपोआप पोचतं का? ‘नग’, तारीख, ऑर्डर क्रमांक यांचा अर्थ दोन्हीकडे एकच आहे का? मध्ये कुणाला काही पुन्हा टाइप करावं लागतं का? चुकलं तर फोन कुणाला करायचा, हे ठरलंय का? आणि पैसे किती दिवसांत येतात?

मुंबईचे डबेवाले १८९० पासून हेच सांभाळत आले आहेत. डबा वाटेत अनेक हात बदलतो, पण झाकणावरच्या खुणेचा अर्थ प्रत्येकाला एकच लागतो.

नवीन दुकान जोडताना आता आम्ही आधी एक लहान ऑर्डर देतो आणि पैसे खात्यात जमा होईपर्यंत त्या बिलाचा माग ठेवतो. मंडळात ज्यांचे व्यवसाय आहेत, त्यांनीही मोठ्या ऑर्डरआधी एवढं जरूर करून पाहावं.